थारोळ्याभोवतीची जलपिंपळी

कांद्याचं बी पिकवणाऱ्याला मधमाशीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहकर, चिखली, देऊळगावराजा या आमच्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे बियाण्यासाठी गोट कांदे लावतात, फेब्रुवारीत डोंगळ्यांवर, म्हणजे त्यांच्या फुलांच्या दांड्यांवर, पांढरे गोंडे फुलतात आणि एप्रिलात बी झोडपून निघतं. एका गोंड्यात शेकडो फुलं असतात. प्रत्येक फुलात पराग आधी पिकून सांडतो आणि त्याच फुलाची कुक्षी मागून तयार होते. म्हणजे त्या फुलाचा पराग त्याच्या स्वतःच्या कामाचा राहत नाही, तो शेजारच्या फुलापर्यंत न्यायला माशी लागते. माशी फिरकली नाही तर गोंडा लांबून भरगच्च दिसतो आणि तळहातावर चोळला की फोलपटं निघतात.

आम्ही काही हंगाम भाड्याने मधमाश्यांच्या पेट्या आणल्या. आजही पुष्कळ जण आणतात आणि त्यांचा उपयोग होतो. पण फुलोरा सरला की पेट्या जातात. वावरात आपसूक येणाऱ्या माश्या मात्र इथल्याच. झुडपाच्या फांदीला एकच पोळं लावणारी फुलोरी, झाडाच्या ढोलीतली सातेरी, उंच चिंचेवरचं आग्यामोहोळ. त्यांना वर्षभर इथेच पोट भरायचं असतं, आणि नाही भरलं तर फुलोरी नि आग्या पोळं सोडून निघून जातात. पूर्वी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळस होता, कडुनिंब होते, करंज होते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत एकामागून एक फुलत. धुरे कोरत कोरत पायवाटेएवढे झाले, झाडं गेली, आणि उरलेल्या पट्टीवर तणनाशक मारायची सवय लागली. कांदा काढला की मृगापर्यंत वावर उघडं पडतं. काळ्या मातीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कोसभर फूल दिसत नाही.

म्हणून विहिरीभोवतालची पडीक जागा माश्या-फुलपाखरांसाठी राखायची असं मी घरात मांडलं. धुऱ्याला करंज, कडुनिंब, मध्ये तुळस, तीळ आणि सुटलेले धन्याचे वाफे, इथपर्यंत कोणाची हरकत नव्हती. प्रश्न होता त्या खालच्या जमिनीचा. ती उघडी राहिली तर तापणार, भेगाळणार, आणि पहिल्या पावसात गाजर गवत तिचा ताबा घेणार. जमीन झाकायला काहीतरी हवं होतं. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो तेव्हाही तगेल, फुलं देईल, घोट्याच्या वर जाणार नाही आणि मुळात इथलंच असेल असं.

तालुक्याच्या रोपवाटिकेत विचारलं तर पिवळ्या फुलांची वेडेलिया पुढे केली. दिसायला छान, लागायला सोपी. पण ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतली आहे आणि जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. त्याच यादीत आपली ओळखीची घाणेरीही आहे, आणि घाणेरीने आपल्या रानांचं काय केलं ते आपण पाहतोच. लॉनचं गवत तर रोज पाणी मागतं. रिकाम्या हाताने परत आले ते बरंच झालं.

हवं होतं ते गावाखालच्या नाल्यात होतं. सिमेंट बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, ऐन मे महिन्यात, गाळ वाळून त्याच्या खपल्या निघालेल्या, आणि त्या खपल्यांवरून हिरवी चटई सरकत गेलेली. ही जलपिंपळी. काही जण हिला रतोलिया म्हणतात, शास्त्रीय नाव फायला नोडिफ्लोरा, कूळ घाणेरीचंच. पण ही पोर आपल्या मातीतली आहे. भारतात जवळजवळ सगळीकडे नाले, तळी, धरणांचे काठ धरून राहते. आमच्या गावात तिला नावच नव्हतं. बाया ‘नाल्याचा पाला’ म्हणायच्या.

ती खाली बसून बघायची गोष्ट आहे. सुतळीएवढं खोड जमिनीला चिकटून धावतं. पानं समोरासमोर, टोकाकडे रुंद, आणि दाते फक्त त्या टोकाकडच्या अर्ध्या भागाला. पेऱ्यापेऱ्यातून खाली मुळं सुटतात आणि पानाच्या बगलेतून वर एक बारीक उभा दांडा येतो. दांड्याच्या टोकाला वाटाण्याहून लहान, काळपट जांभळं बोंडुक, आणि त्याच्याभोवती पांढऱ्या-गुलाबी फुलांचं एकच कडं. खालची फुलं झडत जातात तसं कडं वर सरकतं आणि बोंडुक लांबट होत जातं. नुकत्या उमललेल्या फुलाचा गळा पिवळा असतो, जुन्या फुलाचा जांभळट होतो. फुलोरी माशी त्या कड्यावर गोल फिरते आणि बहुतेक वेळा पिवळ्या गळ्यातच तोंड घालते. एक कडं तिला काही क्षणांत पुरं होतं, मग शेजारच्या बोंडकावर. त्या बंधाऱ्याखाली, आजूबाजूला दुसरं फूल नसताना, सारा पट्टा गुणगुणत होता.

पाण्यावाचून ती टिकते कशी, हे खणून पाहिल्यावर कळतं. पेर तिथे मूळ, त्यामुळे एका जागची ओल आटली तरी वेल दुसऱ्या मुळावर जगते. पानं लहान, जाडसर, बारीक लव असलेली. पाणी फारच तुटलं तर पानं आखडून तांबूस पडतात, वरून सगळं मेल्यासारखं दिसतं, आणि वळवाची एक सर आली की पेरातून कोंब निघतो. उलट, नाल्याकाठची असल्यामुळे पावसाळ्यात मुळाशी पाणी तुंबलेलंही तिला चालतं. आमची काळी माती ऑगस्टात चिखल आणि मेमध्ये दगड असते. ही दोन्ही टोकं सोसणारं झाड सहज सापडत नाही.

लागवड सोपी आहे, तयारी सोपी नाही. खरं काम हरळी काढायचं. हरळीच्या काश्या, म्हणजे जमिनीतली खोडं, नि लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहिल्या तर त्या जलपिंपळीच्या पोटातून वर येतात आणि मग दोन्हींची मुळं अशी गुंततात की एकीला उपटताना दुसरी हातात येते. एप्रिलात आम्ही ती जागा कुदळीने खोल खणली, ढेकळं उलटी केली, काश्या वेचून धुऱ्यावर वाळत टाकल्या आणि मेचं ऊन तिच्यावर पडू दिलं. पहिला पाऊस झाला तरी लगेच लावलं नाही. जे तण उगवायचं ते उगवू दिलं आणि कोवळं असतानाच खुरप्याने साफ केलं. शेणखत घातलं नाही. सासूबाईंना हे पटत नव्हतं. बिनखताचं काही लावायचं म्हणजे त्यांना झाडाला उपाशी ठेवल्यासारखं वाटतं. पण खतावर आधी जोर धरतं ते तण, आणि नाल्याच्या गाळात वाढणाऱ्या या वेलीला आमची माती भरपूर होती.

त्यांची दुसरी काळजी मात्र रास्त होती. “इहिरीपाशी असं हिरवं करून ठेवशीन त साप येतीन व,” त्या म्हणाल्या. विहिरीवर मोटर सुरू करायला रात्री-बेरात्री जावं लागतं, वीज येते तेव्हा. म्हणूनच मला घोट्याच्या खाली राहणारी वेल हवी होती. कुंदा आणि हरळी गुडघ्यापर्यंत माजली की तिच्यात काय बसलंय ते दिसत नाही. जलपिंपळी जमिनीलगत असते, बॅटरी मारली की सगळं आरपार दिसतं. तरीही विहिरीचं पाणी जिथे पडतं त्या थारोळ्यापासून मोटरीच्या पेटीपर्यंतची वाट आम्ही फरश्या टाकून मोकळी ठेवली.

मृगाचा पाऊस नीट लागल्यावर नाल्यातून काड्या आणल्या. एका जागेवरून खरवडून आणायच्या नाहीत, कारण ती चटई नाल्याचा काठ धरून ठेवते. इथून चार, तिथून चार अशा घेतल्या. वीतभर काडी, तिला तीन-चार पेरं, दोन पेरं मातीत आडवी दाबायची आणि शेंडा वर ठेवायचा. दोन काड्यांत फूटभर अंतर. वाटेत ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या तर कोमेजत नाहीत. सकाळी न लावता ऊन उतरल्यावर लावल्या आणि आभाळ असेल असा दिवस धरला. पहिले काही दिवस पानं मलूल दिसतात, त्याने घाबरायचं नाही. काडी हलक्या हाताने ओढून पाहायची. हाताला ओढ लागली की मूळ धरलं.

त्या पावसाळ्यात निंदणाला पर्याय नव्हता. केना, लव्हाळा, गाजर गवत यांची वाढ हिच्या कितीतरी पुढे असते. निंदायला आलेल्या बाया पहिल्याच ओळीला थांबल्या. “वैनी, हे उपटाचं का ठेवाचं?” त्यांचा जन्म तण उपटण्यात गेलेला, आणि नाल्याचा पाला मुद्दाम लावलाय हे कोणी पाहिलेलं नव्हतं. मी प्रत्येकीच्या हातात एक काडी दिली. टोकाला दाते असलेलं पान ठेवायचं, बाकी काढायचं. त्यानंतर एकही काडी चुकून गेली नाही. उलट एका मावशींनी धुऱ्यापलीकडे आपोआप आलेली विष्णुक्रांता दाखवली आणि विचारलं, हीपण ठेवायची का. अर्थातच ठेवली. निळी, बोटाच्या पेराएवढीही नसलेली ती फुलं सकाळीच उघडतात, आणि मुरमाड कोपऱ्यात जिथे जलपिंपळीला ओल पुरत नव्हती तिथे तीच पसरली.

गाजर गवताविषयी थोडं सांगते. ते फुलावर येण्याआधी मुळासकट, हातमोजे घालून काढायचं. अंगाला लागलं तर खाज सुटते, आणि फुलावर आल्यावर काढलं तर बी तिथेच सांडतं. १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलेलं हे परदेशी तण आज आमच्या प्रत्येक पांधणीत उभं आहे. उघडी जमीन दिसली की ते येतं. चटई जुळली त्या भागात ते जवळपास थांबलं, कारण त्याच्या बियांना रुजायला उघडी माती उरली नाही.

दिवाळीपर्यंत काड्या एकमेकींना भेटल्या होत्या. थंडीत वाढ मंदावते, पानं थोडी तांबडी पडतात. पहिल्या उन्हाळ्यात मात्र पाणी द्यावं लागलं. हौद भरून वाहायला लागला की ते पाणी पाटाने तिकडे वळवायचं, पंधरवड्यातून एकदा, पण जमीन वीतभर खोल भिजेल एवढं. रोज थोडं थोडं शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि वेल आळशी होते. दुसऱ्या उन्हाळ्यापासून महिन्यातून एक पाणी पुरलं. मेच्या दुपारी शेजारच्या उघड्या मातीवर अनवाणी पाय टेकवत नाही, चटईवर टेकतो. बोट खुपसलं तर खाली माती गार लागते आणि भेगा असल्या तरी करंगळीएवढ्या.

थारोळ्याच्या दगडांलगत चिवळ लावली. लावली म्हणजे भाजी निवडताना उरलेली देठं तिथे टाकली आणि ती रुजली. चिवळ आमच्या विदर्भाची उन्हाळी भाजी. मुगाच्या डाळीत घालून केलेली चिवळ आणि ज्वारीची भाकर असली की मला दुसरं काही लागत नाही. ऊन चढलं की तिची चार पाकळ्यांची पिवळी फुलं उघडतात आणि काही तासांत मिटतात. तेवढ्या वेळात अगदी बारक्या रानमाश्या तिच्यावर तुटून पडतात. म्हणून अर्धी खुडायची आणि अर्धी फुलायला ठेवायची असा नियम आहे. पाहुणे आले की तो मोडतो.

सगळ्यात जास्त विचार मी एका गोष्टीचा केला. कांद्याच्या फुलातल्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं आणि मधमाशीला तो फारसा आवडत नाही. दुसरं काही जवळ मिळालं तर ती कांदा सोडून तिकडे जाते. मग कांद्याच्या प्लॉटच्या उशालाच मी तिच्या आवडीचं ताट वाढून ठेवलं तर? उपाय विळ्यात निघाला. जानेवारी संपताना, डोंगळे वर येत असताना, आम्ही जलपिंपळी पार जमिनीलगत छाटतो. धन्याचे वाफेही मागेपुढे पेरतो, म्हणजे ते कांद्याबरोबर ऐन भरात येत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये माश्या कांद्यावर असतात. गोंडे भरून रंग बदलू लागतात तोवर छाटलेली वेल फुटून, दांडे काढून तयार असते, आणि वावर उघडं पडतं तेव्हा ती भरात येते. ही छाटणी तिला मानवते, चटई उलट दाट होते. छाटलेला पाला तिथेच राहू द्यायचा नाही. गोळा करून खताच्या खड्ड्यात आणि वर माती, नाहीतर प्रत्येक पेर नवी वेल होते.

याच कारणाने तिच्यातून वखर कधी घालायचा नाही. एका वेलीचे शंभर तुकडे म्हणजे शंभर काड्या, आणि त्या वखराबरोबर पिकात जातात. धुऱ्याच्या कडेने खुरप्याने चर धरून ठेवला की ती हद्द ओलांडत नाही. ती आक्रमक नाही असं मी म्हणणार नाही. हिची दक्षिण अमेरिकेतली जवळची बहीण ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग नद्यांच्या पूरमैदानांत मोठं तण होऊन बसली आहे. आपल्या घरात तिला खाणारे, कुरतडणारे सोबती आहेत. परक्या जागी ते नसतात.

ते सोबती माझ्याकडेही आले. पावसाळा ओसरताना चटईवर एका कोपऱ्यात पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या दिसल्या. पानं बाजूला केली तर काळपट, अंगभर फांदीदार काटे असलेली अळी. घरात पहिला प्रश्न आला, कोणतं औषध मारायचं. मी हात लावू दिला नाही. काही दिवसांनी दगडाच्या कडेला उलटा लटकलेला कोष सापडला आणि नंतर चटईवर पिवळट-केशरी फुलपाखरं उडू लागली, पंखांवर मोठाले डोळे असलेली. हे पीकॉक पॅन्सी, जलपिंपळी हे त्याच्या अळीच्या खाण्याच्या झाडांपैकी एक. कुरतडलेला कोपरा पुन्हा हिरवा झाला. अळी नको आणि फुलपाखरू हवं, असा हिशेब बागेत चालत नाही.

फवारणीचं वेळापत्रक मात्र आम्ही सगळ्या वावराचंच बदललं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून आमच्या घरात पंप पाठीवर घेताना सगळ्यांचाच जीव खालीवर होतो. जे विष माणसाला आडवं करतं ते माशीला किती लागत असेल. कांदा फुलोऱ्यात असताना कीटकनाशक बंद. मारायचंच झालं तर फुलोऱ्याआधी किंवा नंतर, दिवस मावळताना, माश्या घरी गेल्यावर, आणि वारा विहिरीकडे नसेल तेव्हा. धुऱ्यावरचं तणनाशक पूर्ण थांबलं.

एक जागा मी मुद्दाम झाकलेली नाही. विहिरीच्या उगवतीला मातीचा एक उतार आहे, ऊन लागणारा, पाणी न थांबणारा. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या जवळपास ७० टक्के जमिनीत भोक करून एकट्याने राहतात. सगळी माती वेलीखाली गेली तर त्यांनी घर कुठे करायचं? त्या उतारावर पेन्सिल जाईल एवढी भोकं पडली आहेत. सकाळी तिथून निळ्या पट्ट्यांची माशी निघते. ती शेजारच्या वांग्यांवर जाते, फुलाला मिठी मारते आणि अंग थरथरवते. तो आवाज दोन हातांवरून ऐकू येतो आणि फुलातला पराग तिच्या पोटावर सांडतो. वांग्याचा पराग असा थरथरवल्याशिवाय नीट सुटत नाही, आणि पेटीतल्या मधमाशीला हे येत नाही. तो उतार निंदायचा नाही, त्यावर शेण सारवायचं नाही, हे आता घरातल्या लहान मुलांनाही माहीत आहे.

मागच्या हंगामात आम्ही पेट्या आणल्या नाहीत. गोंडे भरले. फुलोरीचं पोळं करंजाच्या रोपाला लागलं, आणि मे महिन्यातही ते जागेवर होतं.

शेजारच्या वावराचे आबा सुरुवातीला धुऱ्यावर उभे राहून म्हणायचे, “सूनबाई, वावर पडीत टाकलं का व?” साफ, काळाभोर धुरा ही त्यांच्या पिढीच्या मेहनतीची खूण आहे, त्यामुळे त्यांना ते बघवत नव्हतं हे मी समजू शकते. यंदा त्यांच्या मुलाने कांदा बियाण्याचा प्लॉट घेतलाय आणि तो काड्या मागायला आला. आम्हालाही या पावसाळ्यात पांधणीच्या कडेला पट्टा वाढवायचा आहे, तेव्हा छाटणीच्या काड्या मोजक्याच आहेत. येणाऱ्याला मी देते, पण आधी त्याची जागा बघून येते. हरळीच्या काश्या वेचलेल्या नसतील तर पुढच्या मृगाला ये म्हणून सांगते.